ह्यांच्या खुर्चीतला ऑक्टोबर

२९ सप्टेंबर

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज लिहून ठेवा, आज कुठले शब्द आले. म्हणून ही वही. आजचे शब्द: "नको", "हं" आणि एकदा "अगं". "अगं" म्हणजे मी. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला दुसरी हाक मारलेली नाही, तेव्हा तो शब्द शाबूत राहिला ह्यात नवल काही नाही. बरं मात्र वाटलं.

दुपारी रेडिओचे साहेब भेटायला आले. बसल्यापासून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मी मनातल्या मनात त्यांचं नाव घड्याळराव ठेवून टाकलं. सकाळी सात वाजता ह्यांचा 'आजचा दिवस' लागतो. इतिहासात ह्या तारखेला काय घडलं, ते पाच मिनिटांत सांगायचं. कचेरीतली नोकरी ह्यांनी पोटासाठी केली, पण जगले ते ह्या पाच मिनिटांवर. सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. तेव्हापासून केंद्रावर जुनीच ध्वनिमुद्रणं लावताहेत. लोक म्हणे कंटाळले. ऑक्टोबरपासून ती वेळ एका गादीवाल्याच्या जाहिरातीला द्यायची म्हणतात.

ह्यांना सगळं समजतं. फक्त परत देता येत नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी म्हटलं, महिनाभर मी वाचते. हे बरे झाले की येतीलच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आजवर मी शाळांचे गणवेश शिवलेत, पडदे शिवलेत, इतिहासाच्या वाटेला कधी गेले नाही. घड्याळराव म्हणाले, बघू, एक महिना. ते गेल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं. अजून भिंतीकडेच होते. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल.

३० सप्टेंबर

शब्द: "नको". दिवसभर तेवढाच.

ह्यांची कार्डांची पेटी उघडली. प्रत्येक तारखेची कार्डं, बारीक अक्षरात. राजा गादीवर बसला, राजा गादीवरून गेला, तह झाला, तह मोडला. इतकी वर्षं रोज सकाळी हे कानावर पडत होतं आणि मी मशीनची पायपट्टी जरा जोरात चालवून ते घालवत होते, हे आता कोणाला सांगणार?

१ ऑक्टोबर

वाचलं.  काचेपलीकडे ध्वनियंत्रावर एक जुने गृहस्थ बसतात. दिवसभर खोकतात, पण ध्वनिक्षेपक सुरू असताना एकदाही खोकत नाहीत. ह्या कलेबद्दल त्यांना मोठं बक्षीस मिळायला हवं. मी त्यांना खोकलेबुवा म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं: "बाई, रेडिओवर चुकलं तरी चालतं, गप्प राहिलेलं चालत नाही. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं." मी म्हटलं, गप्प राहण्याची माझ्याकडून भीती नको.

कार्डावर होतं, १९०८ साली ह्या तारखेला अमेरिकेत सामान्यांना परवडेल अशी मोटार विक्रीला आली. ते जसंच्या तसं वाचलं. पाच मिनिटांचं साडेतीन मिनिटांत संपलं. उरलेल्या वेळात खोकलेबुवांनी बासरी लावली.

घरी आले तर रेडिओ बंद. सकाळी मी नसते तेव्हा ह्यांच्याजवळ थांबायला माझी नणंद येते. वन्सं म्हणाल्या, "सातला लावायला गेले तर त्यानं हात आडवा केला. नको म्हणाला." आणि वर पुटपुटल्या, नाकापेक्षा मोती जड झालेला कुणाला आवडेल?

मला लागलं ते. पण शिवायला घेतलेले दोन कपडे द्यायचे होते, म्हणून मशीनवर बसले.

४ ऑक्टोबर

आज १९५७. रशियाने आकाशात पहिला उपग्रह सोडला, चेंडूएवढा म्हणावा तर जरा मोठा. कार्डावर वजन, उंची, वेग, सगळं. ते वाचता वाचता मला वाटलं, ह्यात ऐकणाऱ्याला काय? मग कागद बाजूला ठेवून मी सांगितलं की तो चेंडू वरून नुसता 'बीप बीप' करत होता, आणि जगभर लोक आपापल्या रेडिओची कळ फिरवत तो आवाज शोधत बसले होते. अर्थ काही नव्हता त्यात. वर कोणीतरी आहे एवढंच कळत होतं, आणि तेवढ्यासाठी माणसं जागची हलली नाहीत.

खोकलेबुवांनी काचेआडून अंगठा दाखवला. वेळ बरोबर भरला.

संध्याकाळी ह्यांना पाणी देताना ह्यांनी तोंडाने "बी" असा आवाज केला. बिछाना ओला झाला की काय म्हणून मी चादर बदलली. शब्द नाही, म्हणून खरं तर लिहायला नको होतं.

७ ऑक्टोबर

शिकवणाऱ्या बाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्यांनी तोंड उघडलं की तुम्ही शब्द पुरवता. पाणी, चहा, उशी, पंखा. एखादा बरोबर निघतो आणि ते मान हलवून मोकळे होतात. मग बोलतील कशाला? थांबत जा जरा."

मी म्हटलं, थांबते. पण त्यांचा तो चेहरा, शब्दासाठी झगडताना गळ्याच्या शिरा फुगतात, ते बघवत नाही हो. कोणाचा पाय खड्ड्यात अडकला तर हात देऊ नये का? बाई म्हणाल्या, हा खड्डा वेगळा आहे.

शब्द: "चहा". मी आधी म्हटला, मग त्यांनी. तो धरायचा की नाही कळत नाही.

८ ऑक्टोबर

वन्सं म्हणतात, पावणेसात झाले की ह्यांना खुर्ची खिडकीशी लागते. खिडकी सताड उघडी. खाली न्हाव्याचं दुकान, त्याचा तो कर्कश रेडिओ, रस्त्यावरची धूळ. वन्संना म्हटलं, गार वारा लागेल, शाल तरी घाला. त्या म्हणाल्या, घालते, पण हलत नाही तो तिथून. माणसं बघायची असतील. घरात कोंडून राहिलेल्याला दुसरा विरंगुळा तो काय!

१३ ऑक्टोबर

आजचा दिवस मला स्वतःलाच आवडला. २०१०, चिले देश. खाणीत अडकलेले तेहतीस जण एकेक करून वर आले. ह्यांच्या कार्डावर यंत्राचं नाव आणि भोकाची खोली. मी ते बाजूला ठेवून सांगितलं की सुरुवातीचे कितीतरी दिवस वरच्यांना ठाऊकच नव्हतं, खाली कोणी जिवंत आहे की नाही. खाली माणसं होती, बोलत होती, पण आवाज वर पोचत नव्हता. वरचे खणत राहिले. बायका खाणीच्या तोंडाशी तंबू ठोकून बसल्या. लोकांनी त्यांना घरी जायला सांगितलं असेल, गेल्या नाहीत.

हे सांगताना माझा आवाज थोडा कापला. मेलेल्या राजांनी कधी कापला नव्हता. खाणीतल्या माणसांच्या बायकांचं वाईट वाटलं, दुसरं काय.

केंद्रावर चार फोन आले. घड्याळराव घड्याळाकडे न बघता दोन वाक्यं बोलले.

१५ ऑक्टोबर

आजच्या तारखेची गंमत मला ठाऊकच नव्हती. १५८२ साली इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये चार ऑक्टोबरला लोक झोपले आणि उठले ते थेट पंधरा ऑक्टोबरला. जुनं पंचांग सूर्याच्या मागे पडलं होतं, म्हणून मधले दहा दिवस कापूनच टाकले. पोपने हुकूम काढला आणि झालं. मी रेडिओवर विचारलं, नऊ तारखेला कपडे देते म्हणणाऱ्या शिंपिणीने काय करायचं? आणि ज्यांचा वाढदिवस आठला, त्यांनी वय वाढवायचं की नाही? कापड तोकडं पडलं तर मी पट्टी जोडते, लांब झालं तर दुमडते. पोपने महिनाच दुमडला. शिवाय सगळ्या देशांनी एकदम ऐकलं नाही. काहींनी शेकडो वर्षं जुनंच पंचांग चालवलं.

लोक हसले असतील. खोकलेबुवा तोंडावर हात दाबून हसत होते, हे मी पाहिलं.

घरी आले ती ह्यांना सांगायच्या बेतात. पण रेडिओ बंद, आणि हे डोळे मिटून पडलेले. ह्यांच्याच कार्डांतलं सांगते, ह्यांचीच वेळ राखते, आणि एक दिवस ऐकावंसं वाटू नये? रागाने भांडी घासली. एका कपाचा कान गेला.

१६ ऑक्टोबर

१८४६. शस्त्रक्रियेआधी भूल देऊन सगळ्यांदेखत दाखवली ती ह्या दिवशी. त्याआधी रोग्याला चौघांनी धरून ठेवायचं आणि वैद्याने हात झपझप चालवायचा. चांगला कोण, तर जो लवकर उरकतो तो. म्हणजे सगळं कौशल्य घाईत.

शब्द: "थांब". मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते तेव्हा. नवा शब्द आहे, म्हणून ठळक लिहिलाय. बटणं मात्र मीच लावली, त्यांना फार वेळ लागतो.

१९ ऑक्टोबर

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अंक म्हणायला दिले तर ह्यांनी एक-दोन सोडून एकदम "तेहतीस" म्हटलं. स्पष्ट. पुन्हा विचारलं तरी तेहतीस. असं होतं म्हणे, कुठला अंक कुठून वर येईल सांगता येत नाही. लेकीला फोन करून सांगितलं. तीही खूश झाली आणि म्हणाली, आई, तुझं ते पंचांगाचं इथं माझ्या मैत्रिणींनीसुद्धा इंटरनेटवर ऐकलं. मी म्हटलं, पुरे, तुझ्या बाबांची खुर्ची आहे ती.

२२ ऑक्टोबर

१७९७. पॅरिसमध्ये एका माणसाने फुग्यातून वर जाऊन रेशमी छत्रीला लटकून उडी मारली. पहिलीच मोठी उडी. टोपली खाली येताना भोवंडल्यासारखी हलत होती, कारण छत्रीच्या माथ्याला हवा जायला भोक ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. मी सगळा वेळ शिलाईवर घालवला. एवढं रेशीम, एवढ्या लांब शिवणी, एक टाका उसवला की संपलं. शिवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. उडी मारणाऱ्याचं आहे.

सकाळी निघताना टेबलावर एक सुटं कार्ड पडलेलं दिसलं. १२ ऑक्टोबर १७९९: त्याच माणसाच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीनं तशीच उडी घेतली, छत्रीनं उतरणारी ती पहिली बाई, पुढे ती त्याची बायको झाली. वन्सं धूळ पुसताना पेटीला हात लावतात आणि कार्डं इकडची तिकडं होतात. बारा तारीख होऊन गेली होती, पण विषय जुळत होता, म्हणून शेवटी तेही सांगून टाकलं. वन्संना ताकीद दिली की पेटीला हात लावू नका. त्या म्हणाल्या, मी कशाला लावू, मला काय वेड लागलंय?

आता त्यांनी नाही तर कोणी लावला?

२४ ऑक्टोबर

उद्यासाठी पेटीत बघते तर काही लढाया आणि एक जन्म. आणि ह्यांच्याकडून केवढी मोठी गोष्ट सुटली! रशियाची ऑक्टोबर क्रांती, २५ ऑक्टोबर १९१७. लेकीच्या जुन्या शाळेच्या पुस्तकात सापडली. नावातच महिना आहे. एकोणीस वर्षं कार्यक्रम करून ह्यांनी ती घेतली नाही, आणि मी महिन्याभरात काढली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

दोन पानं लिहिली. पाव महाग, रांगा, बायका रांगांत उभ्या, झारचा महाल. ह्यांच्यासमोर टेबलावर बसून लिहीत होते. ह्यांनी डावा हात माझ्या कागदावर ठेवला आणि तोंड उघडलं. शिरा फुगल्या. मी विचारलं, पाणी? मान हलवली, नाही. पंखा? नाही. बाथरूमला जायचंय? ह्यांनी कागदावर हात आपटला. मी म्हटलं, चिडू नका हो, तुमच्याच खुर्चीसाठी लिहितेय, संपलं की बघते. आणि कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

शब्द: नाही. एकही नाही.

२५ ऑक्टोबर

तोंडावर आपटले.

वाचून होतंय तोच फोन. एक निवृत्त शिक्षक. आवाज शांत, त्यामुळे जास्त झोंबला. म्हणाले, "बाई, त्या दिवशी रशियात पंचवीस ऑक्टोबर होता, जगात सात नोव्हेंबर. ते जुनंच पंचांग चालवत होते. पंधरा तारखेला तुम्हीच तर सांगितलंत." मागोमाग आणखी फोन. खोकलेबुवा मोजत होते, मी त्यांना मोजू नका म्हटलं.

ह्यांनी क्रांती सोडली नव्हती. ती नोव्हेंबरच्या कप्प्यात होती. घरी येऊन पेटी उघडली, सात तारीख, सगळ्यात वर. ह्यांच्या अक्षरात, खाली रेघ मारून.

मग मला कालचा हात आठवला.

मी खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले. विचारलं, काल हेच सांगत होतात? ह्यांनी मान हलवली, हो. मी पाणी म्हटलं, पंखा म्हटलं, मी तुम्हाला बाथरूमला न्यायला निघाले. हे बघत राहिले. मग ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं झटका. पण हे हसत होते. तोंडाची एकच बाजू हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी. मीही हसले, आणि मग हसता हसता मला रडू फुटलं, कारण गेला महिना-दीड महिना हा माणूस माझ्याशी बोलायचा प्रयत्न करत होता आणि मी त्याला पाणी पाजत होते.

२६ ऑक्टोबर

रेडिओवर चूक कबूल केली. सांगितलं की घरात जाणता माणूस बसलाय, त्यांनी सांगायचा प्रयत्न केला होता, मी थांबले नाही. एवढंच.

दुपारी कागद ह्यांच्यापुढे ठेवला आणि ओठ मिटून बसले. हे सोपं नाही. माझी बोटं वळवळतात, जीभ दातांवर आपटते. ह्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. कितीतरी वेळ गेला, बाहेर दूधवाला येऊन गेला. मग म्हणाले, "लांब." वाक्य लांब होतं. मी तोडलं. पुढे: "राजा... कशाला?" मी म्हटलं, तुमच्याच कार्डावर आहे. ह्यांनी हात झटकला. काढून टाक, असा अर्थ.

एका दुपारी तीन शब्द. इतके दिवस ही वही मी भरली, ह्यांनी नाही.

२८ ऑक्टोबर

घड्याळरावांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, लोकांना तुमचं आवडतंय. त्या चुकीनंतर तर जास्तच. गादीवाला आता ह्याच कार्यक्रमाच्या आधी जाहिरात देणार आहे. तुम्ही कायमच्या या. त्यांना विश्रांती घेऊ द्या."

मी ताडकन् सांगितलं, ती खुर्ची ह्यांची आहे. मी राखणीला बसलेय. एक नोव्हेंबरला हे येतील. ते म्हणाले, बोलता येत नाही ना त्यांना? मी म्हटलं, येतं, वेळ लागतो. शेवटी ठरलं की एक दिवस बघायचं. हे बोलतील, समोरच्या दुसऱ्या ध्वनिक्षेपकावर मी बसायचं, ह्यांचं अडलं की मी उचलायचं.

जिना उतरताना हलकं वाटायला हवं होतं. डोक्याचा ताप गेला, सकाळी उठून धावायला नको, शिलाईचं काम तुंबलंय ते हातावेगळं होईल. घरी येऊन एका मुलाच्या शर्टाला डावी बाही उजवीकडे लावली. सगळी उसवावी लागली.

घड्याळराव काय म्हणाले ते ह्यांना सांगितलं नाही. फक्त म्हटलं, एक तारखेला तुम्हाला बोलावलंय. ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काय शोधत होते कोण जाणे.

२९ ऑक्टोबर

सहज म्हणून नोव्हेंबरचा कप्पा चाळला. अकरा तारखेला पहिलं महायुद्ध थांबलं. तोफा बंद झाल्यावर शांतता कशी वाटली असेल, ह्यावर छान सांगता येईल. हे सांगतील.

३० ऑक्टोबर

सराव. ह्यांनी स्वतः कार्ड निवडलं. १ नोव्हेंबर १७५५, लिस्बनचा भूकंप. मी दीड पान लिहिलं. ह्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेले. उरल्या पाच. मी म्हटलं, अहो, पाच मिनिटं आहेत. हे म्हणाले, "पुरेल."

शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चार ओळी अडखळत पण येतात. पाचवीला अडतं, रोज तिथंच. बाई मला म्हणाल्या, अडलं की त्यांच्याकडे बघा, पण शब्द देऊ नका. मी म्हटलं, रेडिओवर गप्प राहिलेलं चालत नाही. बाई म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा.

३१ ऑक्टोबर

आजचा माझा शेवटचा. काय वाचलं ते लिहावंसं वाटत नाही. नेहमीसारखं वाचलं. खुर्चीतून उठताना तिची उंची ह्यांच्या मापाची करून ठेवली. महिनाभर माझ्या मापाची होती.

खोकलेबुवा म्हणाले, येत जा अधूनमधून. मी म्हटलं, येईन की. डोळ्यांत काहीतरी गेलं.

१ नोव्हेंबर

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर हातून निसटेल.

ह्यांनी निळा शर्ट घातला. बटणं स्वतः लावली, मी पाठ करून उभी राहिले. केंद्राचा जिना चढताना वन्सं एका बाजूला, मी दुसऱ्या. घड्याळराव काचेपलीकडे खोकलेबुवांच्या मागे उभे. हे खुर्चीत बसले, मी समोर. लाल दिवा लागला.

"आजचा... दिवस," हे म्हणाले.

आवाज पूर्वीचा नाही. पूर्वी भरदार होता. आताचा खरखरीत, तळातून ओढून काढल्यासारखा. पण होता ह्यांचाच. "सतराशे... पंचावन्न. लिस्बन." मग थांबले, श्वास घेतला. "सकाळी... जमीन हलली." पुढे: "समुद्र... आत आला." पुढे: "आग... लागली." प्रत्येक शब्दाला मी आतून ढकलत होते. चार ओळी झाल्या. उरली पाचवी: शहर लोकांनी पुन्हा बांधलं.

"शहर," हे म्हणाले, आणि अडले.

शिरा फुगल्या. तोंड उघडं, आवाज नाही. काचेपलीकडे खोकलेबुवांनी माझ्याकडे बोट केलं. घड्याळरावांनी दोन्ही हातांनी खुणावलं, घ्या, घ्या. माझ्यासमोरचा दिवाही लाल झाला. मला ते वाक्य पाठ होतं. मला त्याच्यापुढचीही चार वाक्यं सुचत होती, रस्ते कसे आखले, बायकांनी विटा कशा वाहिल्या असतील. ती वेळ माझी झालीच असती. कोणी दोष दिला नसता. सगळ्यांना बरं वाटलं असतं, कदाचित मला सगळ्यात जास्त. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

मी ओठ दाताखाली धरले आणि हात मांडीखाली घातले. आणि ह्यांच्याकडे बघत राहिले.

सगळ्या गावात रेडिओ गप्प होता. घड्याळराव डोकं धरून बसले. हे माझ्याकडे बघत होते, मी मदत करेन म्हणून नाही, मी करत नाहीये हे पाहून. मग ह्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि म्हणाले, "शहर... लोकांनी... पुन्हा... बांधलं."

खोकलेबुवांनी बासरी लावली. मग दार उघडून बाहेर आले, आणि खोकायचं विसरून नुसतेच उभे राहिले.

यंत्र बिघडलं का, असा एकही फोन आला नाही. घड्याळराव म्हणाले, उद्याही या. हे मान हलवून उठले.

घराच्या जिन्यात, मधल्या पायरीवर हे थांबले. दम लागला असेल म्हणून मी पाठीला हात लावला. म्हणाले, "उद्या... तू."

मी म्हटलं, दमलात ना, एक दिवस मी करते, परवा...

हे म्हणाले, "थांब."

मी थांबले. वन्सं दोन पायऱ्या वर, त्याही थांबल्या.

"परवा... तू. रोज... तू. मी बोललो... एकदा. पुरे." घाम आला होता. मी पुसला नाही. "मी... घरी..." आणि अडले. घरी काय? घरी बसेन, घरी राहीन, घरी झोपेन, माझ्या मनात दहा शब्द आले. एकही तोंडातून काढला नाही.

"घरी... ऐकेन."

वर आल्यावर ह्यांनी वन्संना सांगून कपाटावरचा रेडिओ खाली काढवला आणि पलंगाशेजारी ठेवायला लावला. वन्सं म्हणाल्या, अरे, तूच तर नको म्हणत होतास. हे खिडकीतून खालच्या न्हाव्याच्या रेडिओकडे बोट करून एका बाजूने हसले.

पेटीत दोन नोव्हेंबरची चार कार्डं आहेत. मघापासून समोर घेऊन बसलेय. डोळे पुन्हा पुन्हा भरून येताहेत, एक अक्षर वाचता येत नाहीये.